प्लेटमधल्या टक्क्यांना प्रतिकारशक्ती म्हणू नका

प्रति,
मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती सीरममध्ये मोजणाऱ्या प्रयोगशाळांचे प्रमुख,
त्या मोजमापांवर लसींचे निर्णय घेणारे निधीदाते,
आणि ते आकडे छापणारे संपादक

विषय : वाढ-रोध चाचणीचा अहवाल लिहिण्याबाबत

स.न.वि.वि.

मी प्रयोगशाळेच्या बाकावर काम करणारी बाई. नोकरीची बहुतेक वर्षं फॅल्सिपॅरमची, म्हणजे मलेरियाच्या सर्वांत घातक परजीवीची, कल्चर (बाटलीत वाढवलेले परजीवी) सांभाळण्यात गेली. रोज बाटलीतलं माध्यम बदलायचं, स्मीअर काढायचा, म्हणजे काचेवर थेंब पसरायचा, तो जिएम्सा रंगाने रंगवायचा, हजार पेशींमागे परजीवी किती ते मोजायचं, वाढ जास्त झाली तर नव्या तांबड्या पेशी घालून पातळ करायचं. परजीवींना रविवार कळत नाही, त्यामुळे हळूहळू मलाही कळेनासा झाला. शोधनिबंधांत माझं नाव कधी लेखकांत आलं, कधी आभारांत, बऱ्याचदा कुठेच नाही. त्याबद्दल हे पत्र नाही. निबंधाच्या तक्त्यात ‘प्रतिकारशक्ती’ अशा मथळ्याचा जो रकाना असतो, त्यातले आकडे माझ्यासारख्यांच्या हातून निघतात, आणि तो मथळा वाचताना आम्हाला अवघडल्यासारखं होतं. तो शब्द तिथून काढा, एवढंच मागायला बसले आहे. पण का, ते सांगायला जरा जागा लागेल.

हे वाचणारे सगळेच प्रयोगशाळेतले नसतील, म्हणून चाचणी थोडक्यात सांगते. परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, फॅल्सिपॅरम असेल तर साधारण ४८ तास आत वाढतो, एकाचे सोळा ते बत्तीस होतात, पेशी फुटते आणि बाहेर पडलेली पिल्लं, म्हणजे मेरोझॉइट, नव्या पेशी गाठतात. मधल्या वेळात ती उघड्यावर असतात ती जेमतेम मिनिट-दोन मिनिटं. दारातच अडवणाऱ्या अँटीबॉडीला काय करायचं ते तेवढ्यात करावं लागतं. हे चक्र माणसाच्या शरीराबाहेर अखंड चालू ठेवणं १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांना जमलं. बंद बरणीत मेणबत्ती विझेपर्यंत जळू द्यायची, आतला प्राणवायू कमी झाला की परजीवी खुशीत वाढतात, अशी त्यांची साधी युक्ती. आमचा सगळा संसार त्यावर उभा आहे. आता परजीवी सॉर्बिटॉलने एका वयाचे करून घ्यायचे, ९६ खणांच्या प्लेटमध्ये तांबड्या पेशींबरोबर घालायचे, त्यात तपासायचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पाणीदार भाग, किंवा त्यातून वेगळी काढलेली आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटीबॉडी, टाकायची, आणि सुमारे ४० तासांनी वाढ किती झाली ते पाहायचं. जेवढी वाढ झाली नाही, तेवढे टक्के रोध. डोळ्यांनी मोजत बसायला आता कोणाला वेळ नाही. परजीवीच्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमवर रंग येतो, यंत्र तो वाचतं आणि आकडे छापून देतं.

त्या आकड्यांनी मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं.

सांकेतिक क्रमांकांच्या नमुन्यांची एक खेप आली होती. त्यात एका सीरमने नव्वद टक्क्यांच्या वर रोध दाखवला. वरिष्ठ खूश. खोटं कशाला सांगू, मीही खूश. त्याच आठवड्यात पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा प्लेट यंत्रात घालण्याआधी, का कोण जाणे, त्या खणातला एक थेंब मी स्लाइडवर घेतला. शेजारच्या, साध्या सीरमच्या खणात नव्या रिंगा, म्हणजे पेशीत नुकतेच शिरलेले परजीवी, होत्या, नाजूक, अंगठीत खडा बसवावा तशा. या खणात रिंगा जवळजवळ नव्हत्याच. पण परजीवी होते. पेशीच्या आतच आक्रसून जांभळट-काळ्या कणांसारखे झालेले. अँटीबॉडीने दार अडवलं असतं तर परजीवी आत नीट पिकला असता, पेशी फुटली असती आणि पिल्लं बाहेर अडकली असती. हे तर घरातल्या घरात मेले होते. हे काम औषधाचं.

सीरम डायलिसिसच्या नळीत घालून धुतलं (तिच्यातून औषध निघून जातं, अँटीबॉडी आत राहतात), परत लावलं. रोध जवळपास नाहीसा झाला. मग त्या दात्याची प्रश्नावली काढून पाहिली. ‘गेल्या दोन आठवड्यांत मलेरियाचं औषध घेतलं का?’ उत्तर, नाही. माणूस खोटं बोललेला नव्हता. क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध रक्तात कित्येक आठवडे रेंगाळतं, आणि आमचा प्रश्नच तोकडा होता. कल्चरमध्ये होता तो ३डी७, आपल्या सगळ्यांचा लाडका वाण, जो क्लोरोक्विनने लगेच मरतो. शेजारी डीडी२ सारखा त्या औषधाला दाद न देणारा वाण लावला असता तर पहिल्याच दिवशी शंका आली असती. डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचा मारा परजीवीच्या दुसऱ्या चक्रात दिसतो. एका चक्राची चाचणी लावणाऱ्याला त्यांचा पत्ता लागणार नाही, आणि दोन चक्रांची लावणाऱ्याला ‘प्रतिकारशक्ती’ सापडेल.

त्या नमुन्याचं पुढे काय झालं? तक्त्यात तो राहिला. परिषदेला सारांश पाठवून झाला होता आणि पहिल्या दोन खेपा ‘जुळत’ होत्या. कोणत्या प्रयोगशाळेत, ते सांगणार नाही. वाचणाऱ्यांपैकी काहींना आपलीच वाटेल.

यावर तुमचं उत्तर तयार असेल. म्हणून तर आम्ही कच्चं सीरम वापरत नाही, प्रोटीन-जीच्या स्तंभावर आयजीजी वेगळी काढतो. बरोबर आहे. मीही शेकड्यांनी काढली आहे, आणि औषधाच्या भेसळीवर तो चांगला उपाय आहे. पण त्यानंतर हातात काय उरतं ते बघा. आयजीएम, ही अँटीबॉडीची दुसरी जात, गेली. ५६ अंशांवर अर्धा तास तापवलं की पूरक प्रथिनं, म्हणजे कॉम्प्लिमेंट, गेली. पांढऱ्या पेशी तर रक्त गोठू देऊन सीरम वर काढलं तेव्हाच गेल्या. शरीरात अँटीबॉडी ज्यांच्या जोडीने काम करते त्या सगळ्यांना बाहेर बसवून आपण तिला एकटीला आत बोलावतो आणि विचारतो, तू काय करू शकतेस? ती जे सांगते ते त्या माणसाच्या नावावर प्रतिकारशक्ती म्हणून लिहितो.

ही माझ्या मनातली शंका असती तर पत्र लिहिलं नसतं. १९६१ मध्ये कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गॅम्बियातल्या प्रौढांच्या, म्हणजे लहानपणापासून मलेरिया अंगावर काढलेल्या माणसांच्या, रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन मलेरियाने आजारी असलेल्या मुलांना टोचलं. काही दिवसांत त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने उतरले. सीरममध्ये राखण करणारं काहीतरी आहे, याचा इतका सरळ पुरावा विरळाच. पुढे १९९१ मध्ये छापून आलेल्या कामात आफ्रिकेतल्या प्रौढांची आयजीजी थायलंडमधल्या आठ रुग्णांना दिली गेली. तिथेही परजीवी उतरले. आणि त्याच गटातल्या द्रुइल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही आयजीजी कल्चरमध्ये एकटी टाकून पाहिली, तेव्हा तिने परजीवींची वाढ रोखली नाही. सोबत रक्तातले मोनोसाइट, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, घातले, तेव्हा रोखली.

ज्या आयजीजीने माणसांच्या अंगातले परजीवी उतरवले तिला आपल्या प्लेटने शून्य दिलं असतं, किंवा त्याहूनही खाली. उणे टक्के येतात, हे ज्यांनी प्लेट लावली आहे त्यांना ठाऊक आहे. काही नमुन्यांत परजीवी कंट्रोलपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या खणापेक्षा, जोमाने वाढतात. हे उणे आकडे बऱ्याच ठिकाणी गुपचूप शून्य करून टाकतात, आलेख नीटस दिसतो म्हणून. मला तसं सांगण्यात आलं आहे आणि मी ते केलं आहे. त्या उण्यांमध्ये एखादं तसलं सीरम असेल, जे मोनोसाइटांची वाट बघत बसलंय, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

वयाचंही तसंच. जिथे मलेरिया सतत असतो तिथे मुलं आजारी पडतात आणि मोठी माणसं बरीचशी सरावतात. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा आणि न्यू गिनी इथे हेच टिपलं होतं. मग प्लेटमधला रोधही वयाबरोबर वाढायला हवा ना? काही अभ्यासांत तो उलट मुलांत जास्त आणि प्रौढांत कमी निघाला. मालीतल्या, २०१० मध्ये छापलेल्या एका अभ्यासात मात्र ज्यांच्या सीरमने रोध जास्त दाखवला त्यांना मलेरियाचा धोका कमी होता. दोन्ही खरं असू शकतं. दोन्हींच्या तक्त्यात ‘प्रतिकारशक्ती’ हा एकच शब्द कसा चालेल, हा माझा प्रश्न.

आता निधीदात्यांशी दोन शब्द, कारण हा रकाना तुम्हीच सगळ्यात आधी वाचता. परजीवीच्या एएमए१ या प्रथिनावरच्या लसी आठवा. प्लेटमध्ये त्यांच्या अँटीबॉडी उत्तम चालायच्या. मालीतल्या मुलांवरच्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला, आणि एकूण आजारापासून म्हणावं असं संरक्षण मिळालं नव्हतं. मात्र ज्या परजीवींचं एएमए१ लसीतल्या ३डी७ च्या एएमए१ सारखंच होतं, त्यांच्याविरुद्ध साठ टक्क्यांच्या वर संरक्षण दिसलं. म्हणजे लस काम करत होती, फक्त आमच्या बाटलीतल्या परजीवीवर. बाहेर त्या प्रथिनाची शेकडो रूपं हिंडत होती. रकान्यात वाणाचं नाव ठळक छापलं असतं, ‘३डी७ चा रोध’ असं, तर वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप आला असता, की आणि बाकीच्यांचा?

चाचणी निकामी आहे असं मात्र मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर माझंच आयुष्य निकामी ठरेल. परजीवीच्या आरएच५ या प्रथिनाचं उदाहरण दुसऱ्या बाजूचं आहे (रक्तगटातल्या आरएचशी याचा काही संबंध नाही, ही चौकशी मला घरच्यांनीही केली आहे). हे प्रथिन तांबड्या पेशीवरच्या बेसिजिन नावाच्या प्रथिनाला धरतं, हे २०११ मध्ये कळलं. ते धरणं परजीवीला टाळता येत नाही आणि वाणागणिक हे प्रथिन फारसं बदलतही नाही. माकडांवरच्या कामात आरएच५ च्या लसीनंतर प्लेटमधला रोध आणि संरक्षण हातात हात घालून चालले. बुर्किना फासोमधल्या मुलांवरच्या अलीकडच्या चाचणीत या लसीने निम्म्याच्या आसपास संरक्षण दिलं. इथे चाचणीचा प्रश्न आणि लसीचं काम एकच आहे, म्हणून उत्तर उपयोगाचं.

नेमका प्रश्न विचारला की सीरम किती सरळ बोलतं याचं माझं आवडतं उदाहरण वारेचं, म्हणजे प्लासेंटाचं, आहे. गरोदरपणात परजीवी भरलेल्या तांबड्या पेशी वारेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाच्या पदार्थाला चिकटून बसतात. पहिलटकरणीला त्याचा त्रास सर्वांत जास्त, पुढच्या बाळंतपणांना कमी कमी. फ्राइड आणि डफी यांनी १९९६ मध्ये हे चिकटणं दाखवलं, आणि दोन वर्षांनी त्यांनी सहकाऱ्यांसह असं दाखवलं की अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांचं सीरम ते चिकटणं अडवतं, इतकंच नाही तर एका खंडातल्या बायकांचं सीरम दुसऱ्या खंडातल्या परजीवींनाही अडवतं. मलेरियाच्या प्रदेशातल्या पुरुषांच्या सीरमला हे जमत नाही. त्या पुरुषांनी आयुष्यभर मलेरिया सोसलेला असतो, एलायझा या अँटीबॉडी मोजण्याच्या चाचणीत त्यांचे टायटर, म्हणजे अँटीबॉडीचे आकडे, भरघोस येतील, पण या एका कामात ते कोरे. त्यांच्या रकान्यात ‘प्रतिकारशक्ती’ पुढे काय लिहिणार? आहे की नाही? लिहिताच येत नाही. ‘वारेला चिकटणं अडवतं का’ याचं उत्तर मात्र एका अक्षरात लिहिता येतं.

एलायझाबद्दल एवढंच, की ते अँटीबॉडी आहे का आणि किती ते सांगतं. गेल्या महिन्यात ताप येऊन गेलेल्या मुलाचं टायटरही वर जातं. परजीवीशी गाठ पडली होती, याचा तो उत्तम पुरावा आहे, साथीचा नकाशा काढायला फार कामाचा. पुन्हा गाठ पडली तर काय होईल, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो.

आणि तांबड्या पेशी! याबद्दल कुणीच काही लिहीत नाही. सीरम कोणाचं ते निबंधात असतं, वाण कोणता ते असतं, पण पेशी कोणाच्या? ‘ओ गटाच्या’, बस. एकच सीरम, एकच वाण, एकच दिवस, फक्त पेशींचा दाता वेगळा, आणि रोध एकीकडे निम्म्याच्या वर, दुसरीकडे तिसऱ्या हिश्श्याच्या आत, हे मी स्वतः पाहिलं आहे. दात्याच्या पेशीत काय दडलेलं असेल सांगता येत नाही. सिकलसेलचा वाहक असेल तर त्या पेशीत, विशेषतः प्राणवायू कमी असताना, परजीवी नीट वाढतच नाही; हे १९७८ मध्ये कल्चरमध्येच दिसलं आहे. अशा पेशी घेतल्या तर सगळ्या प्लेटचं गणित हलतं. म्हणून माझ्या बाकावर मी पेशींच्या पिशवीचा क्रमांक प्लेटच्या झाकणावर लिहायची. तो क्रमांक वहीत राहिला, निबंधात कधी गेला नाही.

तेव्हा मागणं असं आहे. रकान्याचा मथळा ‘प्रतिकारशक्ती’ ऐवजी जे केलं तेच असू द्या, उदाहरणार्थ ‘३डी७ वाढीचा रोध, शुद्ध आयजीजी, एक चक्र’. लांबलचक होतो, मान्य. पण मथळा लांब झाल्याने कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. आयजीजीची तीव्रता किती ठेवली ते तिथेच लिहा, कारण सीरममध्ये नसते इतकी दाट करून मिळवलेला रोध दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. औषधांचं काय केलं, धुतलं की प्रतिरोधक वाण शेजारी लावला की नुसतं विचारलं, ते सांगा. किमान दोन-तीन दात्यांच्या पेशींवर लावा आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा द्या, सरासरीत लपवू नका. उणे आकडे उणेच छापा. आणि प्रत्येक प्लेटवर एक सामाईक सीरम ठेवा. केनियातल्या प्रौढांच्या रक्तापासून बनवलेलं जागतिक आरोग्य संघटनेचं संदर्भ-सीरम आहे, १०/१९८ क्रमांकाचं. ते एलायझापुरतं वापरून फ्रीजरच्या तळाशी ढकलून देऊ नका. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवायचे तर दोघांच्या प्लेटवर एक तरी कुपी तीच हवी.

संपादकांना वेगळं सांगायला नको, पण सांगते. परीक्षकांकडे निबंध पाठवण्यापूर्वी ‘कच्चे आकडे, खणानुसार’ एवढी एक ओळ सक्तीची करा. ज्यांनी प्लेट लावली त्यांच्याकडे ती फाइल असतेच. नसेल, तर तोही एक निकाल आहे.

शेवटी एक गोष्ट जी माझ्या डोक्यातून जात नाही. रक्त द्यायला आलेल्या एका बाईने संमतीपत्र माझ्यापुढे धरलं. त्यावर छापलं होतं, ‘तुमच्या रक्तात मलेरियाविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे का, हे तपासले जाईल.’ काही महिन्यांनी ती पुन्हा आली आणि विचारलं, ‘मग आहे का? म्हणजे मच्छरदाणी लावली नाही तरी चालेल?’ माझ्याकडे तिच्या नमुन्याचा आकडा होता, चांगला मोठा. मी म्हणाले, लावा, मच्छरदाणी लावाच. तिने कागदावर बोट ठेवून विचारलं, मग हे काय लिहिलंय? मला काही सांगता आलं नाही. २०२३ या एका वर्षात जगात सुमारे पाच लाख सत्त्याण्णव हजार माणसं मलेरियाने गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या रोगाच्या बाबतीत इतक्या सैल शब्दांत माणसाची सही घ्यायची नसते.

त्या कागदावर आता असं छापा : ‘तुमच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मलेरिया-परजीवीची वाढ किती रोखतात, हे पाहिले जाईल. यावरून तुम्हाला मलेरिया होईल की नाही, हे कळणार नाही.’ मजकूर मी लिहून दिला आहे, छपाईचा खर्च तेवढा तुमचा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ

ता. क. : प्लेट यंत्रात घालण्याआधी, ज्या खणांत रोध जास्त वाटतो त्यातला एकेक थेंब स्लाइडवर घ्या आणि जिएम्साने रंगवा. वीस मिनिटं लागतात. नवीन मुलींना हे करायला सांगा, आणि त्यांनी काही वेगळं पाहिलं तर सारांश पाठवण्याआधी त्यांचं ऐकून घ्या.